तोंडावर सांगणारा माणूस

गेल्या महिन्यात पाटणकर काकांनी फोनवर एक जुना व्हिडिओ पाठवला. खाली एकच ओळ होती, "मीनल, ओळख पाहू." स्पेनमधल्या कुठल्याशा सामन्याची सात-आठ मिनिटं. रंग उडालेले, निवेदक स्पॅनिशमध्ये घसा फोडून ओरडतोय. स्पेन म्हणजे एलॉयच असणार, पण दोनदा पाहूनही तो मला सापडेना. तिसऱ्यांदा मी गोल करणाऱ्यांकडे बघायचं सोडून दिलं, तेव्हा दिसला. मैदानाच्या मधोमध, डोक्यावर भरपूर केस. चेंडू आला की एका स्पर्शात दुसऱ्याकडे द्यायचा आणि लगेच नजरेआड व्हायचं. पडद्यावर तो एकूण चार वेळा येतो. गोल दुसऱ्यांचे, मिठ्या दुसऱ्यांना, पण प्रत्येक गोलाच्या दोन पास आधी चेंडू याच्या पायाशी असतो.

मी काकांना लिहिलं, "ओळखला. पण रेवाला पाठवू नका."

"का गं? चांगला खेळायचा की!"

चांगला खेळायचा, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

एलॉय बार्रेना हा माझ्या मुलीचा, रेवाचा, फुटबॉल कोच. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या क्लबमध्ये तो तीन वर्षं होता आणि ती तीन वर्षं मी त्या संघाची मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे खेळातलं काही कळायची गरज नसलेली आई. तिने ईमेल पाठवायच्या, जर्सीचे साइझ गोळा करायचे, खेळाडूंची ओळखपत्रं सांभाळायची आणि कोणती मुलगी कोणाच्या गाडीतून येणार ते ठरवायचं. मी एका हॉस्पिटलच्या पुरवठा विभागात काम करते, त्यामुळे हे काम आपोआपच माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी पालकांच्या बैठकीत त्याला कोणीतरी विचारलं, "तुमच्या करिअरबद्दल सांगा ना." तो म्हणाला, "सोळा वर्षं. नऊ वर्षं दुसऱ्या लीगमध्ये, चार वर्षं पहिल्या, आणि उरलेली बसमध्ये." लोक हसले. मग कोणीतरी विचारलं, गोल किती? "अकरा. त्यातले दोन चुकून." संपलं. त्याने जर्सी घातलेला फोटो दाखवला नाही, मोठ्या खेळाडूंची नावं घेतली नाहीत. इथे दोन वर्षं कॉलेजच्या संघात राखीव असलेले बापसुद्धा त्याबद्दल वीस मिनिटं बोलतात. मला तिथेच हा माणूस आवडला.

सरावाच्या वीस मिनिटं आधी येऊन तो अख्खं मैदान चालून बघायचा. कुठे खड्डा असला तर बुटाच्या टोकाने माती ओढून बुजवायचा. डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, त्यामुळे बसताना पाय लांब सोडायचा. खिशात सूर्यफुलाच्या बिया. त्या दातांनी फोडून टरफलं कागदी पेल्यात टाकायची, आणि सामना अटीतटीचा असला की दोन पेले भरायचे. हायवेवर गाडी चालवायला मात्र घाबरायचा. एवढ्या लोकांसमोर पेनल्टी मारलेला माणूस, पण टोलवेचं नाव काढलं की, "नको, मी आतल्या रस्त्याने येतो," म्हणायचा. आतल्या रस्त्याने डॅलसच्या पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते इथल्यांना माहीत आहे. म्हणून लांबच्या स्पर्धांना मीच त्याला गाडीतून न्यायचे. पुढच्या सीटवर तो, मागे मुली.

शिकवण्याची पद्धत विचित्र होती. पहिला महिनाभर त्याने मुलींना गोलवर चेंडू मारूच दिला नाही. एक मुलगी मधे उभी. समोरून तिला पास यायचा आणि त्याच क्षणी तो तिच्या पाठीमागे उभा राहून हाताची बोटं वर करायचा. चेंडू पायाशी यायच्या आत तिने मान वळवून बघायचं आणि बोटं किती ते सांगायचं. चुकली की पुन्हा. "आधी मान, मग चेंडू," असं तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा.

पाटणकर काका आमचे शेजारी, निवृत्त डॉक्टर. फिरायला म्हणून मैदानावर यायचे आणि घडीच्या खुर्चीवर ठाण मांडायचे. ते म्हणाले, "हा काय फुटबॉल शिकवतोय? माझ्याकडे स्पाँडिलायटिसचे पेशंट यायचे त्यांना मी हेच करायला लावायचो."

पण दोन महिन्यांनी रेवा संघातली सगळ्यात शांत खेळाडू झाली. तिला चेंडू मिळायच्या आधीच पुढे काय करायचं ते माहीत असायचं. मला खेळातलं फार कळत नाही, पण माझी मुलगी कधी घाबरलेली असते ते मला कळतं, आणि मैदानावर ती घाबरायची बंद झाली होती. एलॉयने तिला मधे ठेवलं, स्वतःच्या जागेवर. "ही जागा मी कुणालाही देत नाही," एवढंच म्हणाला. त्या रात्री रेवा जर्सी घालूनच झोपली.

एकदा तो आमच्याकडे जेवायला आला. मी थालीपीठं लावत होते, शिरीष, माझा नवरा, त्याला काही ना काही विचारत होता. "तुझी जागा म्हणजे नक्की काय करायचं असतं?" एलॉयने इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्यावरचा मिसळणाचा डबा उचलून टेबलावर घेतला. सातही वाट्या बाहेर काढल्या. मोहरी आणि जिरं मागे, हळद मधे, तिखट पुढे.

"अरे, सांडेल!" मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्याला कळलं.

"सांडणार नाही. मी व्यावसायिक आहे." मग हळदीची वाटी हळूच एक बोटभर सरकवून म्हणाला, "हा मी. सगळे तिखटाकडे बघतात. तिखट गोल मारतं. पण हळद इथून एवढीशी हलली तर मोहरीला चेंडू कुठे द्यायचा ते कळत नाही. हळद दिसत नाही. हळद नसली की मात्र दिसतं."

"म्हणजे रेवा आमची हळद," शिरीष म्हणाला.

"डॅडी, प्लीज!" रेवा ओरडली, पण तिचे कान लाल झाले होते.

त्याच जेवणाच्या वेळी त्याने क्लब सुटल्याची गोष्ट सांगितली. उत्तर स्पेनमधल्या एका क्लबमध्ये तो आठ वर्षं होता. त्याची आई त्याच गावात मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम करायची, शनिवारी सामन्याला यायची. उन्हाळ्याची सुट्टी संपवून तो सरावाच्या पहिल्या दिवशी गेला, तर फाटकावरच्या रखवालदाराने त्याला अडवलं. रखवालदार आठ वर्षं ओळखीचा. त्याच्या हातात यादी होती, यादीत एलॉयचं नाव नव्हतं. त्याने आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. त्यात एलॉयचे बूट. वर खिडकीत संचालक उभा होता, तो मागे सरकला.

"मला काढलं याचं काही नाही," एलॉय म्हणाला. "मी एकतीस वर्षांचा होतो, गुडघा गेला होता, मीसुद्धा मला काढलं असतं. पण मला रखवालदाराकडून कळलं. बिचारा रडत होता. त्यालाच मी समजावत बसलो." मग तो थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाला, "कुणाला नको म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. तेवढंच असतं आपल्या हातात."

हे नुसतं बोलणं नव्हतं. केली नावाच्या मुलीला त्याने राखीव खेळाडूंत बसवलं, तेव्हा तिला आणि तिच्या आईवडिलांना मैदानावर बोलावून, समोर उभं करून कारणं सांगितली. केलीचे वडील सहा फूट दोन इंच. ते लाल होऊन ओरडत होते आणि हा मागे हात बांधून ऐकत होता. ते दमल्यावर म्हणाला, "तुमचं बरोबर असू शकेल. पण मी माझं मत तुमच्यापासून लपवणार नाही." गाडीत बसताना मी म्हटलं, "ईमेल पाठवली असतीस तर सोपं गेलं असतं." तो म्हणाला, "कोणाला सोपं?"

म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मी सहसा ठेवत नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्याने सगळ्या पालकांना एक कागद दिला. आपल्या मुलीबद्दल आपल्या शब्दांत लिहायचं. तिची आवड, तिचं ध्येय, तुमची अपेक्षा. पुढच्या हंगामाची तयारी, म्हणाला. कागद गोळा करायचं काम माझं, त्यामुळे मी सगळे वाचले. एकीच्या आईने लिहिलं होतं की आमची मुलगी चेंडू उशाशी घेऊन झोपते. दुसऱ्या बापाने मुलीच्या नेतृत्वगुणांवर दोन पानं लिहिली होती. त्या मुलीला बुटाची नाडी बांधायला अजून रेवा लागायची.

मी चार ओळी लिहिल्या. रेवा ठीक खेळते. अजून बरंच शिकायचं आहे. आमच्याकडे अभ्यासाला पहिलं प्राधान्य आहे. तुम्हाला योग्य वाटेल तो निर्णय घ्या.

शिरीषने वाचून डोक्याला हात लावला. "अगं, थोडं तरी चांगलं लिही. अमेरिका आहे ही."

"तीन वर्षं बघतोय तो तिला. त्याला माझं सर्टिफिकेट कशाला हवंय?"

शिक्षकासमोर आपल्या मुलीचं कौतुक करायचं नाही, हे माझ्यात इतकं मुरलंय की मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. साताऱ्याला माझी आई माझ्या बाईंना सांगायची, "मठ्ठ आहे हो, तुम्हीच बघा काय होतंय ते." बाई हसायच्या आणि मला पहिल्या बाकावर बसवायच्या. दोघींना एकमेकींचं कळायचं.

मे महिन्यात, हंगामातली शेवटची स्पर्धा संपली त्याच्या पुढच्या शनिवारी, रेवा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढरा. फोनवर एक फोटो होता. आमच्या संघातल्या अकरा मुली, नव्या रंगाच्या जर्सीत, टोलवेपलीकडच्या एका मोठ्या क्लबच्या मैदानावर. मधे एलॉय.

"आई, डिड यू नो?"

मला माहीत नव्हतं. मी एका आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आम्हाला वाटलं तुला माहीत असेल. तू तर मॅनेजर." एलॉयने प्रत्येक घरी वेगवेगळं बोलून ठरवलं होतं आणि हंगाम संपेपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं. सोळांपैकी अकरा घरं. शेवटच्या स्पर्धेला माझ्या गाडीत रेवा सोडून चार मुली होत्या, चौघींनाही माहीत होतं. त्यांच्यासाठी मी चार तास गाडी चालवली. पुढच्या सीटवर बसून तो बिया फोडत होता आणि रेवाला सांगत होता की पुढच्या वर्षी डाव्या पायावर काम करू.

मी रेवाला घेऊन सरळ त्या मैदानावर गेले. तो सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होता. आम्हाला बघून सरळ उभा राहिला.

"रेवाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "घेतलं नाहीस ते तुझं काम. सांगितलं का नाहीस?"

त्याने बाकावरच्या फाइलमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझं अक्षर.

"तूच लिहिलंस, मीनल. ठीक खेळते. अभ्यास आधी. तिकडे आठवड्यातून चार दिवस सराव आहे. मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल."

"तुला वाटलं? तीन वर्षं तू..."

पण तोवर रेवाने माझ्या हातातून कागद घेतला होता. तिने तो वाचला, नीट घडी केली आणि खिशात घातला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "यू रोट आय वॉज ओके?"

मी तिला साताऱ्याचं सांगायला लागले. आजी, बाई, पहिला बाक. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वी आर नॉट इन सातारा, आई."

रेवा दुसऱ्या, लहान क्लबमध्ये खेळायला लागली. खेळणं तिने सोडलं नाही. मला सोडलं. सरावाला शिरीषने न्यायचं, सामन्याला शिरीषने यायचं. "हाऊ वॉज द गेम?" विचारलं की "ओके." तो शब्द ती मुद्दाम वापरायची आणि मलाही ते कळायचं. बाकी घरात बोलायची, हसायची, भांडी लावायची. फुटबॉल तेवढा माझ्यासाठी बंद. एकदा मी म्हटलं, "येऊ का गं उद्या मी?" तर म्हणाली, "यू हॅव वर्क, राइट? अभ्यास आधी." पंधरा वर्षांच्या मुली नेम चुकवत नाहीत.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शिरीष कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून एका स्पर्धेला मलाच जावं लागलं. दुसरा सामना सुरू व्हायच्या आधी लांब वीज चमकली आणि भोंगा वाजला. टेक्ससमध्ये वीज दिसली की मैदान रिकामं करून सगळ्यांनी गाड्यांत बसायचं. तीस मिनिटं. मधे पुन्हा चमकली की पुन्हा पहिल्यापासून तीस. रेवा तिच्या मैत्रिणींबरोबर कोणाच्या तरी व्हॅनमध्ये शिरली. मी माझ्या गाडीत एकटी. पाऊस धबाधबा कोसळायला लागला.

कोणीतरी काचेवर टकटक केली. एलॉय. त्याचा संघ शेजारच्या मैदानावर होता आणि तो पार भिजला होता. मी दार उघडलं. कुत्र्यालाही उघडलं असतं.

तो शेजारी बसला, पाय लांब करायला सीट मागे सरकवली. कळ कुठे आहे ते त्याला माहीतच होतं. मी टॉवेल दिला.

"रेवा चांगली खेळली सकाळी," तो म्हणाला.

"मला विचारू नकोस. मला त्यातलं काही सांगत नाही ती."

"ती तुझ्या गाडीत का नाही?"

"तुझ्यामुळे."

मग मी सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. एक वर्ष माझी मुलगी असं मानून चालली आहे की तिच्या आईला ती सुमार वाटते आणि आईने तसं लिहून दिलं म्हणून तिची जागा गेली.

त्याने टॉवेलची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

"कागदामुळे नाही," तो म्हणाला.

"काय?"

"जानेवारीत ठरलं होतं. त्या क्लबने मला आधीच सांगितलं होतं की कोण कोण हवं. मधल्या जागेवर त्यांची एक मुलगी होती. रेवाला जागा नव्हती. माझ्या व्हिसाची मुदत संपत होती, जुना क्लब पुढे काही करत नव्हता. तिथे मी अटी घालू शकत नव्हतो."

व्हिसाचं मला कळतं. त्यापायी आम्हीही काय काय गिळलं आहे. ते त्याने जानेवारीत सांगितलं असतं तर मीच त्याला म्हटलं असतं, जा बाबा.

"आणि कागद?"

"तो मार्चमध्ये आला. सगळ्यांकडून घेतला, कारण तिकडच्या लोकांना हवा होता. तुझा वाचला तेव्हा... सोयीचा होता."

पाऊस टपावर वाजत होता. मला फार राग यायला हवा होता, पण हिशेब मांडल्यासारखं डोकं एकदम थंड झालं. माणसाने धंद्यात दगा दिला तर समजू शकतं. पण त्या दिवशी मैदानावर फाइल उघडून, माझ्या मुलीसमोर, माझ्याच हातात माझं अक्षर ठेवताना त्याला माहीत होतं की ते खोटं आहे.

"हे तिला सांग," मी म्हटलं.

"सांगतो."

"आज. तुझ्या तोंडाने. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई सारवासारव करतेय."

"सामना झाला की. तुझ्या गाडीपाशी येतो." त्याने माझ्याकडे नीट बघून मान डोलावली. भोंगा वाजला आणि तो उतरला.

रेवाचा सामना झाला. संघ हरला. मी तिला म्हटलं, "थांब जरा, कोचला काहीतरी सांगायचंय तुला."

"हू, एलॉय?"

"हो."

ती मागच्याऐवजी पुढच्या सीटवर बसली. चिखलाचे बूट काढले नाहीत, मीही काढ म्हटलं नाही. आम्ही दहा मिनिटं थांबलो. शेजारच्या मैदानावर त्याचा संघ पांगला, मुली आपापल्या आईबापांबरोबर निघून गेल्या. तो चेंडू जाळीत भरत होता. एकदा त्याने मान वर केली, आमची गाडी पाहिली, आणि पुन्हा चेंडू भरायला लागला. वीस मिनिटं झाली.

"आई, ही इज नॉट कमिंग."

तेव्हा मग मीच सांगितलं. जानेवारी, व्हिसा, मार्च, कागद. तिने समोर बघत ऐकलं. रडली नाही, चिडली नाही. बराच वेळ नखाने गुडघ्यावरचा चिखल खरवडत राहिली.

"तरी तू गुड लिहायला हवं होतंस," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

"हो. लिहायला हवं होतं."

"आय ॲम गुड."

"माहीत आहे मला. पहिल्या वर्षापासून."

तिने पट्टा लावला.

समोर एलॉयने जाळी बांधून खांद्यावर टाकली. पार्किंगमधून बाहेर जायचा रस्ता आमच्या गाडीवरूनच होता, दुसरा नव्हता. तो चार पावलं आमच्या दिशेने आला, थांबला, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कुंपणापाशी एक चेंडू राहिलाय असं दाखवत वळला. लंगडत, ओल्या गवतातून, अख्खं मैदान ओलांडून गेला. तिथे काही नव्हतं, आम्हाला इथून दिसत होतं. कुंपणापाशी तो वाकला, बुटाची नाडी सोडली, बांधली, दुसऱ्या बुटाची सोडली. आमच्याकडे पाठ करून वाकूनच राहिला. आमची गाडी निघायची वाट बघत होता.

मी गाडी सुरू केली.